करतात की करू शकतात? दैनंदिन कार्यक्षमता मोजताना या चुका टाळा

“अंघोळ स्वतः करता?” “हो.” फॉर्मवर टिक आणि लगेच पुढचा प्रश्न. रिहॅबमधल्या नोंदी तपासताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती अशा पाच मिनिटांत भरलेल्या फॉर्मची. पेशंटला घरी कधी सोडायचं, मदतनीस दिवसभर हवा की सकाळपुरता, कमोडशेजारी दांडी बसवायची की नाही, हे सगळं त्याच टिकांवरून ठरतं.

‘करतो’ आणि ‘करू शकतो’ यांची गल्लत

नव्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि अनुभवी लोकही तिच्यातून सुटलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीएफ हे माणसाच्या कार्यक्षमतेचं आणि अपंगत्वाचं वर्गीकरण २००१ साली मान्य झालं. त्यात हा फरक स्पष्ट मांडला आहे. रोजच्या परिस्थितीत माणूस प्रत्यक्षात जे करतो तो परफॉर्मन्स. कोणाचीही मदत किंवा साधन न घेता, ठरावीक परिस्थितीत त्याला जे जमतं ती कपॅसिटी. दोन्हींना वेगवेगळा आकडा द्यायचा: ० म्हणजे अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण अडचण. कोडमध्ये पॉइंटनंतरचा पहिला आकडा परफॉर्मन्सचा, दुसरा कपॅसिटीचा.

डी४५० म्हणजे चालणं. वॉकर घेऊन घरभर फिरणाऱ्या, पण वॉकर काढला की चार पावलांत थांबणाऱ्या बाईंची नोंद डी४५०.१३ अशी होईल. १ आणि ३ मधलं अंतर वॉकरने भरून काढलंय. उद्या वॉकर मोडला तर काय होईल, तेही याच दोन आकड्यांत दिसतं.

उलटं चित्रही भेटतं. डी५४० म्हणजे कपडे घालणं. कपॅसिटी ०, परफॉर्मन्स ३. हात नीट चालतात, पण घरचे मायेपोटी रोज कपडे घालून देतात. इथे हाताचे व्यायाम वाढवून काही होणार नाही. घरच्यांना जवळ बसवून समजावणं हाच उपचार. एकच आकडा लिहिला असता तर हे हाती लागलंच नसतं.

बार्थेल इंडेक्स, म्हणजे रोजच्या कामांना गुण देणारी मोजपट्टी, वापरत असाल तर प्रश्न फक्त ‘करतो का’ एवढाच आहे. काठी किंवा दांडी चालते. पण शेजारी कुणी नुसतं लक्ष ठेवायला उभं राहावं लागत असेल, तर तो माणूस त्या कामात स्वावलंबी धरायचा नाही. ही अट मी स्वतः सुरुवातीला कितीतरी वेळा विसरले आहे.

विचारलं, पण पाहिलं नाही

एक आजोबा मला म्हणाले, “शर्ट माझा मीच घालतो.” म्हटलं, दाखवा. त्यांनी शर्ट उचलला. वरची दोन सोडून सगळी बटणं आधीपासूनच लावलेली. तो त्यांनी बनियनसारखा डोक्यातून घातला, डावा हात बाहीत ढकलला, दातांनी कॉलर ओढली, झालं. खरं बोलत होते ते. कपडे घालण्यात स्वावलंबी, याबद्दल वाद नाही. पण मग मी एक बटण लावायला सांगितलं. बोटांच्या चिमटीत बटण तीनदा धरलं, तीनदा निसटलं. म्हणजे डी५४० जवळजवळ ठीक, आणि डी४४०, हाताची बारीक कामं, यात मोठी अडचण. ज्याला बटण धरवत नाही त्याला गोळ्यांचं पाकीट फोडता येतं का, हा पुढचा प्रश्न मला त्या बटणामुळे सुचला.

सगळंच पाहणं शक्य नसतं. निदान “कसं करता, सुरुवातीपासून सांगा” असं तरी विचारा. हो-नाहीच्या उत्तरात बटणं दिसत नाहीत.

बेरजेवर विसंबणं

बार्थेलमध्ये १० कामं आणि एकूण १०० गुण. एका व्यक्तीचा लघवी आणि शौचावर ताबा नाही, बाकी सगळं जमतं. १० आणि १० गेले, उरले ८०. दुसरीला जिना चढता येत नाही (१० गेले), चालताना एकाचा हात लागतो (५ गेले), अंघोळ घालावी लागते (५ गेले). तीही ८०. या दोघांना एकाच रांगेत बसवणारा अहवाल मी कधीच मान्य करत नाही. बेरीज लिहा, पण तिच्याखाली दहाही कामांचे गुण द्या. आणि १०० म्हणजे एकटं राहू शकेल असंही नाही. स्वयंपाक, पैशांचा हिशेब, औषधं हे बार्थेल विचारतच नाही.

त्यासाठी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची मोजपट्टी आहे. तिथे वेगळा खड्डा आहे: ज्याने आयुष्यात कधी स्वयंपाक केला नाही, त्याला ‘जमत नाही’ लिहिणं. ती सवय आहे, आजार नाही. आधी काय करत होते ते विचारा, मग काय सुटलं ते लिहा.

छोट्या, पण नडणाऱ्या

आयसीएफमध्ये ८ म्हणजे माहिती पुरेशी नाही, ९ म्हणजे लागू नाही. रिकामी जागा भरायला ० लिहू नका. ० म्हणजे ‘अडचण नाही’, आणि तो चक्क खोटा निष्कर्ष ठरतो.

हूडास २.० ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली मागच्या ३० दिवसांबद्दल विचारते. “आज बरं वाटतंय” हे त्याचं उत्तर नाही.

सर्वेक्षणात “घरात कुणी अपंग आहे का?” असं विचारलं की लोक नाही म्हणून मोकळे होतात. वॉशिंग्टन ग्रुप हा अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट; त्याच्या सहा प्रश्नांत हा शब्दच नाही. पाहायला, ऐकायला, चालायला अडचण येते का, आणि किती, एवढंच विचारतात. चष्मा असेल तर तो लावूनच.

पेशंट समोर असताना उत्तर मुलगी देत असेल, तर ते नातेवाइकाचं उत्तर म्हणून वेगळं नोंदवा.

दोघांचे गुण जुळले नाहीत तर

बार्थेलमध्ये फिजिओने चालण्याला पूर्ण १५ दिले, नर्सने १०. सरासरी काढू नका. कुणी कधी पाहिलं ते विचारा. फिजिओने सकाळी अकराला, झोप झालेली असताना, मोकळ्या पॅसेजमध्ये पाहिलं. नर्सने पहाटे तीनला, संडासला जाताना. बार्थेल साधारण मागच्या २४ ते ४८ तासांत काय घडलं ते विचारतो, आणि त्यात रात्रही येते. पहाटे हात धरावा लागला असेल तर १०च लिहा, आणि शेजारी ‘रात्री’ असा शेरा टाका.