ट्रकच्या केबिनमध्ये स्वतःचं सामान कसं ठेवावं

केबिनमध्ये सामान लावण्याबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक घरातल्या कपाटावरून सुचलेले असतात. सीटमागे खिशांची कापडी पिशवी लटकवा, काचेला चिकटणारे हूक लावा, प्लॅस्टिकचे डबे एकावर एक रचा. मे महिन्यात धुळे-जळगावकडे एक फेरी झाली की ते हूक गळून पडतात, आणि कसारा घाट उतरताना रचलेले डबे पायात येतात. केबिन धावते, हादरते, तापते आणि गॅरेजात गेली की नाकावर झुकते. सामान ठेवताना हे चारही धरून चालावं लागतं.

माझी कसोटी एकच आहे: केबिन टिल्ट केली तरी जी वस्तू जागची हलत नाही, तीच नीट ठेवलेली. इंजिनच्या कामासाठी केबिन पुढे झुकवतात तेव्हा समोरची काच तळ बनते आणि आत मोकळं असलेलं सगळं तिच्यावर जाऊन आदळतं. एका गॅरेजात मिस्त्रीने माझ्या शेजारची गाडी टिल्ट केली आणि झोपायच्या बर्थवरचा लोखंडी तवा थेट काचेत गेला. घाटात जोरात ब्रेक लागला तरी तोच तवा पुढेच येणार होता, फक्त तेव्हा मध्ये ड्रायव्हरचं डोकं असतं.

आधी सामान कमी करा. दोन जोड कपडे, एक पांघरूण, साबण-टॉवेल, टॉर्च, औषधं, जेवणाचं ताट-तांब्या. याहून जास्त लागत असेल तर ते पुढच्या फेरीला न्या.

मग गरम जागा सोडा. ज्या गाड्यांत इंजिन केबिनखाली असतं, त्यांत दोन सीटमधला उंचवटा आणि त्याच्या आजूबाजूची जमीन लांब चढावर चांगलीच तापते. तिथे पॉवर बँक, लायटर, सॅनिटायझर, फवाऱ्याचे डबे, गोळ्या यातलं काही ठेवायचं नाही. डॅशबोर्डवर ऊन येतं, म्हणून तिथेही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जास्त जपावं, ३० अंशांच्या वर ते टिकत नाही. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी भरून इन्सुलिन घट्ट बंद पिशवीत घालून त्यात ठेवा आणि ढाब्यावर थांबाल तिथे पाणी बदला. थेट बर्फात ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

बांधणं: सगळा खेळ इथेच आहे

बहुतेक जण पेटी केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवतात आणि निश्चिंत होतात. भिंत मागे आहे, आणि ब्रेक लागल्यावर सामान जातं पुढे. म्हणून आडोसा सामानाच्या पुढे हवा. पेटीसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे क्लीनरच्या सीटच्या बैठकीमागे, अगदी जमिनीवर. पेटी बैठकीला घट्ट टेकवायची, मध्ये बोटभरही फट ठेवायची नाही. फट राहिली की पेटी आधी वेग घेते आणि मग धडकते. जड वस्तू पेटीच्या तळाला, हलक्या वर.

आता पट्टा. जड पेटीला आणि पाण्याच्या जारला रॅचेटचा, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचा पट्टाच हवा. भरलेला २० लिटरचा जार म्हणजे २० किलो वजन, त्याला सुतळीने बांधण्यात अर्थ नाही. रबरही नको. रबर ताणलं जातं आणि नेमक्या जोराच्या ब्रेकला जार सुटून पुढे येतो. पट्टा दोन ठिकाणी अडकवा, एक वरून आणि एक पुढून. फक्त वरून बांधलेली पेटी खालून सरकते.

हलक्या सामानाला मात्र ट्यूबच्या रबरासारखं काही नाही. पंक्चरवाल्याकडे ट्रकची जुनी ट्यूब सहज मिळते. ती आडवी कापली की दोन-तीन बोटं रुंद अशा कड्या निघतात. एक कडी दुसरीतून ओवायची आणि तिच्याच टोकातून परत ओढून घ्यायची, की गाठ न मारता पट्टा लांबत जातो. पांघरुणाची वळकटी, ताट-तांब्या, चपला याला हे पुरतं. रबराला भेगा दिसल्या की कडी बदला.

कशाला बांधायचं? बर्थच्या लोखंडी फ्रेमला, तिच्या बोल्टजवळ. सीट बेल्टला, गिअरला, हँडब्रेकला, पडद्याच्या दांडीला काहीही बांधू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही. लटकणारी पिशवी वळणावर झोका घेते आणि गिअरच्या दांड्यावर येते. अडकवायला जागा नाही म्हणून केबिनच्या जमिनीला ड्रिलने भोकं पाडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खालून वायरिंग आणि ब्रेकच्या हवेचे पाइप जातात, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात त्या भोकाभोवती पत्रा सडतो.

ड्रायव्हरच्या पायाशी काहीही नको, यावर मी वाद ऐकून घेत नाही. गोल स्टीलची बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर पेडल अर्ध्यात अडतं, आणि कुंभार्ली घाटाच्या उतारावर ती काढायला वाकता येत नाही. अनवाणी गाडी चालवणारे चपला तिथेच काढून ठेवतात, त्याही क्लीनरच्या बाजूला बांधा. बाटली दाराच्या कप्प्यात किंवा हाताशी घट्ट बसेल अशा खोबणीत ठेवा.

बर्थखालच्या कप्प्याला नुसतं झाकण असेल तर कडी-कोयंडा लावून घ्या, टिल्ट करताना तेच आधी उघडतं.

सगळं बांधून झालं की प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहा. नंतर रिकाम्या यार्डात, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, ताशी २० किलोमीटरच्या वेगाला जोरात ब्रेक मारा. जे हललं ते पुन्हा बांधा. हलत नाही असं वाटणारं सामानच जास्त हलतं, म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून समाधान मानू नका.

स्टोव्ह आणि सिलिंडर

५ किलोचा सिलिंडर केबिनमध्ये ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळाली की जमिनीलगत साचते, आणि त्याच जमिनीपासून हातभर वर तुम्ही झोपलेले असता. सिलिंडर बाहेरच्या, हवा खेळत्या पेटीत उभा बांधा, रेग्युलेटर काढून. पाऊस कितीही असो, स्वयंपाक खाली उतरूनच. टँकर किंवा ज्वालाग्राही माल असेल तर स्टोव्ह सोबत नेऊच नका.

कागदपत्रं आणि रात्र

लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये घेऊन ठेवा. २०१८ च्या नियमबदलापासून ती मूळ कागदांसारखीच ग्राह्य आहेत. मोबाइलने काढलेला फोटो त्यात धरत नाहीत, हे नाक्यावर वाद घालण्याआधी लक्षात घ्या. बिल्टी आणि ई-वे बिल मालाचे कागद आहेत, ते वेगळ्या फाइलमध्ये.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण इंजिन बंद केलं की एसीही बंद. त्यामुळे उन्हाळ्यात ढाब्यावर काच उघडी ठेवूनच झोपावं लागतं. चोर दार फोडत बसत नाही. तो उघड्या काचेतून तारेचा आकडा घालतो आणि खुंटीवरची पँट ओढून घेतो. म्हणून खिशात पाकीट असलेला कपडा खिडकीजवळ टांगायचा नाही आणि फोन खिडकीकडच्या टोकाला चार्जिंगला लावायचा नाही. नोटा बंडीच्या चोरखिशात, अंगावर. डिझेल आणि टोलसाठी कार्ड आणि फास्टॅग असताना मोठी रोकड बाळगण्याचं कारण नाही. जी असेल ती दोन जागी विभागून ठेवा.

कारखान्याच्या गेटवर बऱ्याचदा चावी जमा करून ड्रायव्हरला बाहेर बसवतात, आणि गाडी कुणाच्या ताब्यात आहे हे दिसत नाही. त्यासाठी एक छोटी हातपिशवी कायम तयार ठेवा: लायसन्स, फोन, चार्जर, औषधं, पैसे. खाली उतरलात की ती खांद्यावर. गॅरेजात गाडी दिली तरी तसंच, आणि मिस्त्री केबिन झुकवायच्या पंपाला हात घालण्याआधी केबिनमध्ये स्वतः चढून पट्टे एकदा ओढून बघा.