डगमगणारी कनू घ्या

माझी पहिली कनू (canoe), म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी, मी आत उभी राहून विकत घेतली. विकणारे गृहस्थ म्हणाले, "उभ्या राहून बघा, हलते का." राहिले. नाही हलली. ४५० डॉलर मोजले आणि खुशीत घरी आले. मिनियापोलिसच्या एका उपनगरातलं तळं, वाऱ्याचा पत्ता नाही, पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट. कनू १६ फुटी, रुंद, सपाट बुडाची, जाड प्लास्टिकची, तीन बैठकींची. वजन ८५ पौंड. ते मात्र विचारायचं राहिलं होतं. गाडीवरून उतरवताना नवऱ्याची पाठ धरली तेव्हा समजलं.

वल्हं कसं धरायचं, पुढे कोण बसतं, मागे कोण, हे मी सांगत बसत नाही. दोन-चार वेळा भाड्याने घेऊन फिरलात, चटक लागली, आता स्वतःची हवी असं वाटायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दर वर्षी बर्फ वितळायला लागलं की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "कनू कुठली घेऊ गं?" मी उलट दोन प्रश्न विचारते. कुठल्या पाण्यात चालवणार? आणि उचलणार कोण? पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याला लोक हसतात.

हसू नका. मिनेसोटात कनू म्हटलं की आज ना उद्या तुम्ही उत्तरेला ईली गावाच्या बाजूने बाउंड्री वॉटर्सच्या रानात जाणार. हजाराहून जास्त तळी, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मधली पायवाट. ती होडी डोक्यावर घेऊन चालायची, यालाच पोर्टेज म्हणतात. नकाशावर ही अंतरं रॉडमध्ये लिहिलेली असतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढी लांबी. ३२० रॉड म्हणजे एक मैल. कनूच्या मधोमध एक आडवं लाकूड असतं, त्याला योक म्हणतात. म्हणजे आपलं जूच. ते खांद्यावर घ्यायचं आणि बैलासारखं चालायचं. माझी उंची पाच फूट एक इंच. ८५ पौंडांची होडी मी एकटीने कधीच उचलू शकले नाही. दोघांनी पुढे-मागे धरून नेऊ म्हणाल, तर दगड-मुळांच्या वाटेवर एक अडखळला की दुसऱ्याचा खांदा गेला. तेव्हा दुकानात शरम सोडा आणि उचलून बघा. दुकानदार मदतीला आला तर त्याला बाजूला व्हायला सांगा, तळ्यावर तो नसणार आहे.

वजनाची चूक निदान पहिल्याच दिवशी कळते. माझी दुसरी चूक कळायला वर्ष लागलं. तिथेच सगळे फसतात, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

जूनचा तिसरा आठवडा. स्नोबँक नावाचं तळं, मोठं आणि उघडं, वारा सुटला की अडवायला काही नाही. मी पुढे, नवरा मागे, नऊ वर्षांची मुलगी मधे सामानाजवळ. सकाळी गेलो तेव्हा काच. परतताना वारा बाजूने, लाटा फार तर दीड फुटाच्या. तळ्यात उभं राहिलं तरी न हलणारी आमची कनू प्रत्येक लाटेबरोबर अख्खी तिरकी व्हायला लागली. लाट आली की कलली, गेली की सरळ. असं दहा-बारा वेळा. मग एकदा कलली आणि परत आलीच नाही. कुरकुर नाही, इशारा नाही. भांडं पालथं घालावं तसं. काठ शंभर फुटांवर होता आणि तिघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट होती, म्हणून हे मी विनोद करत लिहू शकते. जूनमध्येही तिथलं पाणी श्वास कोंडवणारं असतं. मुलीचे वाजणारे दात अजून कधीकधी रात्री ऐकू येतात.

झालं काय होतं? सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायला बघतं. पाण्यावर पाट टाकून बघा: पाणी सपाट तर पाट सपाट, पाणी तिरकं तर पाट तिरका. वारा नसला की तळ्यातलं पाणी सपाट असतं, म्हणून होडी घट्ट वाटते, कारण जरा कललात की रुंद बुडाची ती बाजू पाण्यात दबते आणि पाणी तिला लगेच वर ढकलतं. याला इनिशियल स्टॅबिलिटी म्हणतात. दुकानात जाणवते ती हीच. पण लाटेच्या उतारावर पाणीच तिरकं असतं. मग होडी इमानदारीने तिरकी होते, तुम्हीही तिच्याबरोबर तिरके होता, घाबरून भलत्याच बाजूला झुकता. आणि एका मर्यादेपलीकडे तिला सावरून धरणारा जोर एकदम संपतो. हळूहळू कमी होत नाही, संपतो.

किंचित गोलाई असलेल्या बुडाचं, ज्याला शॅलो आर्च म्हणतात, उलट असतं. बसल्या बसल्या ती कुल्ले हलवते. पोटात गोळा येतो. पण पाण्याच्या उताराशी तिला फारसं देणंघेणं नसतं, लाट तिच्याखालून निघून जाते. आणि ती कलत गेली की तिच्या बाहेर झुकलेल्या बाजू पाण्याला टेकतात आणि ती घट्ट होत जाते. याला फायनल स्टॅबिलिटी म्हणतात. पाच मिनिटांच्या चाचणीत ती जाणवत नाही, कारण त्यासाठी होडी तिची वरची कड पाण्याला टेकेपर्यंत कलवावी लागते आणि नवशिक्याच्या अंगात तेवढी हिंमत नसते. माझ्याही नव्हती. म्हणजे चाचणीत आपण होडीचा जो गुण पारखतो त्याचा लाटेत उपयोग नाही, आणि जो लाटेत वाचवतो तो पारखायची आपली छाती नाही. अशी गोची.

आजोळ मालवणच्या बाजूचं असल्यामुळे मला हे आधी कळायला हवं होतं. तिकडच्या होडीला बाजूला उलांडी असते, पाण्यावर टेकलेलं लांब लाकूड. तोल तिच्यावर. कनूला उलांडी नाही. तिचा तोल तुमच्या कमरेत. म्हणून कंबर सैल ठेवा, खालचं अंग होडीबरोबर हलू द्या, वरचं सरळ. लाटा वाढल्या तर बैठकीवरून उतरून गुडघ्यांवर या. वजन वीतभर खाली आलं की तीच होडी वेगळी वाटते. हे मला शेजारच्या एका निवृत्त आजोबांनी सांगितलं. पन्नास वर्षं वल्हवत आलेत आणि माझ्या दोन तासांच्या रडगाण्यावर त्यांचं उत्तर एकच शब्द होतं: गुडघे. गुरू असा असावा. जो तुम्हाला होडीच्या मॉडेलचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि ज्याची स्वतःची होडी गॅरेजमध्ये चकचकीत आहे, त्याच्याकडे चहा प्या आणि या.

आता घाबरवलंय तर धीरही देते. ती डगमग फार तर तीन-चार फेऱ्यांची असते. सायकल शिकताना जे झालं तेच. आणि बरीचशी डगमग होडी रिकामी असल्यामुळे असते. सामान भरलं की कनू खाली बसते आणि शांत होते. म्हणून चाचणीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पाण्याचे मोठे कॅन भरून न्या, मधे ठेवा, मग चालवा. दुकानदार विचित्र बघेल. बघू दे. त्यातही वारा असेल तो दिवस निवडा, आणि काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात मुद्दाम कलवून बघा. पडलात तर पडलात. पैसे देण्याआधी पडणं स्वस्त.

लांबीबद्दल फार डोकं खाऊ नका. दोघं आणि तीन-चार दिवसांचं सामान असेल तर १७ फूट. साडेअठरा फुटी पाणी सरळ कापते, पटकन वळत नाही, आणि अपार्टमेंटच्या गॅरेजमध्ये मावत नाही. एकटे जाणार असाल तर एकट्याची कनू घ्या, १४ ते १६ फूट. दोघांच्या होडीत एकटं मागे बसलात तर नाक वर येतं आणि वारा तुम्हाला कोंबडीच्या पिसासारखं फिरवतो. सेंट क्रॉईसारख्या नदीवर जास्त जाणार असाल तर टोकं थोडी वर उचललेली घ्या, ज्याला रॉकर म्हणतात, चटकन वळते. तळ्यावर तीच गोष्ट डोकेदुखी.

साहित्याचं असं की हलकं, स्वस्त आणि मजबूत यांतल्या दोनच गोष्टी मिळतात. प्लास्टिक स्वस्त आणि दणकट, पण जड. ॲल्युमिनियमच्या जुन्या ग्रुमन कनू अजून तळ्यातळ्यांवर दिसतात. विमानं बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर काढलेल्या, मरत नाहीत, पण वल्हं लागलं की देवळातली घंटा वाजते आणि दगडावर घसरण्याऐवजी चिकटतात. रॉयलेक्स नावाचं थरांचं प्लास्टिक बनायचं २०१४ च्या सुमारास थांबलं, त्याची जुनी कनू मिळाली आणि तिच्या वरच्या कडेखाली तडे नसतील तर घ्या. केव्हलारची, म्हणजे हलक्या आणि चिवट कृत्रिम धाग्याची, कनू चाळीस-बेचाळीस पौंडांत येते, मी एकटी उचलते, पण नवी घ्यायची तर तीन हजार डॉलरच्या पुढे. आणि तिला लाडाने वागवावं लागतं. काठाला घासू द्यायची नाही, बूड टेकायच्या आत बूट भिजवून पाण्यात उतरायचं. जो म्हणतो "मी कोरड्या पायांनी उतरतो" त्याला केव्हलार उसनी देऊ नका.

हवा भरायच्या स्वस्त होड्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. वाद घालत नाही.

पैसे वाचवायचा मला मान्य असलेला एकच मार्ग सांगते. पहिला उन्हाळा भाड्याने काढा, दर वेळी वेगळी होडी मागा, आणि सीझन संपला की ईलीकडचे भाड्याने देणारे आपल्या वापरलेल्या केव्हलार कनू विकायला काढतात तेव्हा जा. बुडावर ओरखडे असतील. ओरखड्यांचं काही नाही. ठिगळ कुठे आहे, योकचे बोल्ट ढिले आहेत का, बैठकीखालची चौकट तडकली आहे का, ते बघा. माझी आत्ताची १७ फुटी तशीच घेतली. पहिल्या दिवशी तिच्यात बसले तेव्हा इतकी हलली की नवरा म्हणाला, परत करू या. मुलगी मात्र काही न बोलता गुडघ्यांवर बसली.

जुनी ८५ पौंडी वाईट होडी नव्हती. चुकीच्या पाण्यात होती. विकताना मी घेणाऱ्याला पहिल्यांदा विचारलं, कुठे नेणार. म्हणाला, घरामागच्या तळ्यात मासे धरायला, नातवाला घेऊन. मग वजन सांगितलं, स्नोबँकची गोष्टही सांगितली. त्याने मान डोलावली, होडी पाण्यात ढकलली, आत उभा राहिला आणि गळ टाकायची नक्कल करून बघितली. हलली नाही. ४०० डॉलर देऊन घेऊन गेला.