कंबरेला रुमाल बांधण्याआधी: मंडळीच्या पुढाऱ्यांनो, या चुका टाळा

पवित्र गुरुवारची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची, संध्याकाळची उपासना. वेदीसमोर बारा खुर्च्या, त्यांवर मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, बारा वडील (ज्येष्ठ पुढारी), आणि सगळ्यांचे पाय घरूनच साबणाने धुऊन आलेले. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) झगा उतरवला, नवाकोरा पांढरा रुमाल कंबरेला बांधला आणि प्रत्येकाच्या उजव्या पायावर तांब्याने कोमट पाणी घातलं. तरुण संघातला एक मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता. उपासना सुटली, लोक बाहेर पडले, आणि चर्चची झाडलोट करणाऱ्या बाई फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसायला गुडघ्यांवर बसल्या. मी तेव्हा पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी होतो. रजिस्टर काखेत मारून मी त्यांच्या बाजूने निघालो. दाराशी पोचल्यावर आठवलं की या बाईंचा पगार चार वर्षं वाढलेला नाही, आणि तो विषय कमिटीपुढे आणायचं काम माझं होतं.

मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत, काही जवळून पाहिल्या आहेत. सेवक-नेतृत्व, म्हणजे पुढाऱ्याने सेवक होऊन पुढारपण करणं, हा शब्द आता ऑफिसांतही ऐकू येतो. १९७० साली रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी गृहस्थाने लिहिलेल्या निबंधामुळे तो मॅनेजमेंटवाल्यांत रुळला. आपल्याकडे तो बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायापासून आहे. तिथे येशू म्हणतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपणा करतात, तुमच्यात तसं नसावं. मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. यावर प्रवचनं आपण भरपूर ऐकतो. ते बिघडतं कुठे, हे मात्र वार्षिक सभेत कोणी मांडत नाही. माझं मत असं की पुढारी किती राबतो हे मोजून काही कळत नाही. त्याच्या हातातलं दुसऱ्यांच्या हातात किती गेलं आणि त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायची मुभा किती जणांना आहे, एवढं बघावं.

विधी झाला म्हणजे सेवा झाली असं समजणं

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. रस्त्याची धूळ लागलेले पाय धुणं हे घरातल्या गड्याचं काम. जे काम करायला जेवणाऱ्यांतलं कोणी उठलं नाही, ते तो करतो. आणि धुतलेल्या पायांत त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही पाय आहेत.

आपल्याकडे हे उलटं होतं. पाय धुऊन घेणाऱ्यांची यादी मानाची ठरते. एखाद्या वर्षी कोणाचं नाव राहिलं तर तो रुसतो. २०१३ साली पोप झाल्यावर काही दिवसांतच फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. त्या बारा जणांत मुली होत्या, मुसलमान तरुणही होते. तोवर कॅथोलिक नियमात फक्त पुरुषांचे पाय धुण्याची तरतूद होती. २०१६ मध्ये ती बदलली. आधी माणूस योग्य ठिकाणी गेला, नियम मागून आला. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथोलिक वाचकांना हे ठाऊक असेल, आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींत मात्र कोणी याचा उल्लेख केल्याचं मी ऐकलं नाही.

उपाय म्हणून विधी बंद करू नका. त्याच आठवड्यात कमिटीची बैठक लावा आणि एकच विषय घ्या: आपल्याकडे झाडणारे, घंटा वाजवणारे, थडगी खणणारे कोण आहेत, त्यांना आपण काय देतो, शेवटची वाढ कधी दिली. आमच्याकडे तो विषय अकरा मिनिटांत मंजूर झाला. चार वर्षं थांबण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

‘सगळं मीच बघतो’ याला त्याग म्हणणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे एक जुडगा असायचा: चर्चचं मुख्य दार, गोदाम, रजिस्टरांचं कपाट, पेटीची खोली, कब्रस्तानाचं फाटक. रात्री अकराला कोणी वारलं तरी मी उठून जायचो. हंगामाच्या (सुगीच्या) सणाला मंडप, लाउडस्पीकर, लिलाव, सगळं मी. लोक म्हणायचे, ‘भाऊ आहेत म्हणून चाललंय.’ मला ते गोड वाटायचं आणि ती सेवाच आहे असं मी मनापासून मानत होतो. मग मला टायफॉइड झाला. तीन रविवार मी घरी. पहिल्या रविवारी चर्च उघडायला कोणीतरी माझ्या घरी किल्ली मागायला आलं, आणि माझ्या बायकोला जुडग्यातली कुठली किल्ली कशाची हे सांगता येईना. एकशे सत्तर माणसं लिंबाखाली उभी होती.

बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकतो. सासरा इथ्रो बघतो आणि सांगतो की तू करतोस हे बरं नाही. तूही थकशील आणि हे लोकही थकतील. ‘हे लोकही’ या दोन शब्दांवर मी अंथरुणात पडून बराच विचार केला. माझ्या राबण्याने माणसं थकली होती, कारण त्यांना सतत माझी वाट बघावी लागत होती.

प्रेषितांची कृत्यं, सहावा अध्याय, याहून पुढे जातो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तशी कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ‘आम्ही लक्ष घालू’ असं आश्वासन दिलं नाही, चौकशी समितीही नेमली नाही. सगळ्या मंडळीला बोलावून सांगितलं की तुम्हीच सात जण निवडा. लोकांनी निवडलेल्या स्तेफन, फिलिप्पापासून सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, वाटपाचं काम त्यांच्याच हाती गेलं. आपण एरवी काय करतो? तक्रार करणाऱ्याला ‘प्रार्थना करा’ म्हणतो.

दुरुस्ती अशी. किल्ल्यांची यादी करा, अगदी खऱ्या किल्ल्यांची, आणि बँकेची सही, माइकची वेळ, संडे स्कूलचा पाठ, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपदही त्यात लिहा. प्रत्येकासमोर दुसऱ्या माणसाचं नाव हवं. काम सोपवाल तेव्हा त्यात चुकण्याचा हक्कही सोपवा. मी गोदामाची किल्ली एका पंचविशीतल्या मुलीला दिली, आणि पहिल्याच महिन्यात तिने सतरंज्या वेगळ्या पद्धतीने लावल्या तेव्हा जाऊन परत माझ्या पद्धतीने लावून आलो. तिने दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, एक शब्दही बोलली नाही. तिची मनधरणी करायला मला दोन महिने लागले.

देताना वरच्या पायरीवर उभं राहणं

आपल्या मंडळ्या मिशन कंपाउंडात (मिशनऱ्यांच्या वसाहतीत) वाढल्या. शाळा, दवाखाना, दुष्काळातलं धान्य, सगळं मिळालं, आणि त्याबरोबर मायबापपणाची सवयही आली. १९१० साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या तिशीतल्या तमिळ पाळकाने भरसभेत सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, जीवही वेचलेत, आता आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी तेच अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. आपल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यामागेही बरोबरीने बसण्याची ही ओढ होती.

आज मिशनरी साहेब नाहीत, पण खुर्ची तशीच आहे, त्यावर आपले लोक बसलेत. नाताळात धान्य वाटप होतं, बॅनर लागतो, पाकीट घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईला फोटोसाठी दोनदा हात पुढे करायला सांगितलं जातं. कृपा करून हे थांबवा. पाकीट घरी जाऊन द्या, बसा, चहा घ्या. तिच्या घरचा चहा नाकारून तुम्ही फक्त देणारेच राहता.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे (छपाईची अक्षरं) जुळवून छापलं. मदत घेणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरलं, याचा हिशेब असा लावायचा असतो.

‘अभिषिक्तावर हात टाकू नका’

कोणी पाळकांना किंवा वडिलांना प्रश्न विचारला की हे वचन काढलं जातं. अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला. दावीद आपला पाठलाग करणाऱ्या शौल राजाबद्दल ते म्हणाला, पहिल्या शमुवेलच्या चोविसाव्या अध्यायात. पण पुढचं वाचा. दावीद लपलेल्या गुहेतून शौल बाहेर पडल्यावर दावीद मागून हाक मारतो, त्याच्या झग्याचा कापलेला काठ वर धरून दाखवतो आणि सगळ्या सैनिकांदेखत विचारतो की माझा पाठलाग का करतोस. त्याने हात टाकला नाही, पण गप्पही बसला नाही. दावीद राजा झाल्यावर त्याच्याही तोंडावर बोलणारा नाथान संदेष्टा निघाला. अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने येशूचा शिष्य पेत्र याला सगळ्यांसमोर सुनावलं आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवलं.

हा आजार ओळखायचा असेल तर गेल्या वर्षभराची बैठकीची इतिवृत्तं काढा. प्रत्येक ठराव एकमताने मंजूर असेल तर काळजी करा. बैठक सुटल्यावर फाटकाजवळ जे बोललं जातं, ते आत बोलायला लोक का घाबरतात? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं: मुलीच्या लग्नाला सर्टिफिकेट लागणार आहे, किंवा कब्रस्तानात जागा. हे कागद ठरलेल्या मुदतीत, पाळकांशी भांडण असलं तरी मिळतील, असा ठराव करून भिंतीवर लावा. तेवढ्याने माणसं बोलायला लागतात, हे मी पाहिलं आहे.

पैशाला ‘विश्वासाचा विषय’ म्हणणं

इथे फार लिहायची गरज नाही. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली आणि स्पष्ट लिहिलं की देवासमोरच नाही, माणसांसमोरही चांगलं दिसावं म्हणून. पौलाला साक्षीदार लागले, तर आपल्यालाही लागतील. अर्पण उपासनेनंतर तिथेच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, दोघांच्या सह्या व्हाव्यात, महिन्याचा जमाखर्च बोर्डावर लागावा. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं कोणी विचारलं तर प्रेमाने सांगा की विश्वास आहे, म्हणूनच तुमच्यावर बोट उठू नये असं वाटतं.

सेवक आहे म्हणून कोणाला नाही न म्हणणं

ही उलट बाजूची चूक, आणि भली माणसं यातच अडकतात. सगळ्यांना खूश ठेवायचं, भांडण आलं की दोघांनाही ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणायचं, गाणारा गट वर्षानुवर्षं दुसऱ्या कोणाला उभं राहू देत नसला तरी गप्प बसायचं. मार्काच्या त्याच दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिष्य मानाच्या जागा मागायला येतात. येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं म्हणता? ऐकून घेतो आणि नकार देतो. थोड्या वेळाने यरीहोच्या रस्त्यावर आंधळ्या बार्तीमयालाही तो तोच प्रश्न विचारतो, आणि त्याला दृष्टी मिळते. प्रश्न दोघांनाही सारखाच, उत्तर वेगवेगळं. आणि पाय धुऊन झाल्यावरही तो वस्त्रं घालून आपल्या जागी पुन्हा बसतो, आणि सांगतो की तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते ठीक म्हणता. त्याने जागा सोडली नव्हती.

म्हणून दुखावलेल्याचं आधी पूर्ण ऐका, मग निर्णय द्या, आणि निर्णय दिला की पंधरा दिवसांत तो पातळ करू नका. ज्याच्या विरुद्ध गेला त्याच्या घरी मात्र त्याच आठवड्यात जाऊन या.

पाळकांचं घर म्हणजे सार्वजनिक जागा मानणं

सेवकपणाची अपेक्षा मंडळी पाळकांकडून करते आणि त्यांना माणूस मानायचं विसरते. पाळकीणबाई (पाळकांच्या पत्नी) तर बिनपगारी नोकर होतात: महिला संघ त्यांचा, संडे स्कूल त्यांचं, येईल त्याला चहा त्यांनीच द्यायचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं.

आमच्या कमिटीने ठरवलं की सोमवारी पाळकसाहेबांचा फोन बंद, आणि त्या दिवशी वडिलांपैकी एकाचा नंबर बोर्डावर. पहिला सोमवार माझ्याकडे आला. संध्याकाळपर्यंत सात फोन आले. दोन बाप्तिस्म्याच्या दाखल्याचे, एक भाऊबंदकीचा, एक ‘पाळकसाहेब आजारी आहेत का’ विचारणारा, एकाला फक्त बोलायचं होतं आणि तो चाळीस मिनिटं बोलला, एक कब्रस्तानाच्या भिंतीचा. सातवा रात्री साडेनऊला सिव्हिल हॉस्पिटलमधून, आमच्याच मंडळीतल्या एका बाईंचा. नवऱ्याला अतिदक्षता विभागात नेलं होतं आणि त्या बाहेर एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘वहिनी, पंधरा मिनिटांत येतो,’ आणि चपला घातल्या.