ड्रेन थांबला की तुंबला?

सीव्हीटीएस, म्हणजे हृदय आणि छातीची सर्जरी, घेऊ का असं विचारणारे ज्युनियर्स दरवर्षी दोन-चार तरी भेटतातच. वर्षांचा हिशोब तुम्हाला माहितीये, एमबीबीएस साडेपाच, एमएस (जनरल सर्जरी) ३, एमसीएच (त्यावरची सुपरस्पेशालिटी) ३, आणि एमबीबीएसनंतर डायरेक्ट ६ वर्षांचं डीआरएनबी केलंत तरी बेरीज तीच, मधली एक एन्ट्रन्स तेवढी वाचते. त्यावर डोकं शिणवू नका.

पहिल्या वर्षी मला सारखं ओटीतच (ऑपरेशन थिएटरमध्ये) राहायचं असायचं. बायपाससाठी पायातली व्हेन काढायची, शेवटी स्टर्नम (छातीचं मधलं हाड) वायरने बंद करायचा, हातात यायचं ते एवढंच, तरी. आयसीयू ड्युटी म्हणजे शिक्षा वाटायची. एका रात्री बायपासच्या पेशंटचा ड्रेन, म्हणजे छातीतल्या नळीतून बाटलीत येणारं रक्त, पहिल्या तासाला १८० मिली, मग १५०, आणि तिसऱ्या तासाला फक्त १०. मी खूश. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, एकदम कसा काय थांबला?" मी म्हटलं बरंच झालं की, आणि चहाला गेलो.

आता हे नीट वाचा. ब्लीडिंग खरंच कमी होत असेल तर आकडा बहुतेक हळूहळू उतरतो. धाडकन पडला तर आधी नळीत गुठळी अडकलीये असंच धरा. रक्त वाहतंच असतं, फक्त बाटलीत न येता हृदयाभोवती साठतं आणि हृदयाला भरायलाच जागा उरत नाही. सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) चढतो, बीपी उतरतं, पल्स पळते, युरिन आटतं. माझ्या पेशंटचा सीव्हीपी ८ चा १८ झाला, युरिन तासाला ६० मिलीचं १५, आणि मी शहाणा इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) वाढवत बसलो होतो! बीपी ८० ला आलं तेव्हा सरांना फोन लावला.

"ड्रेन किती?"
"थांबलाय सर."
"थांबलाय की तुंबलाय?"

पुढे वायर कापून छाती परत उघडली, उजव्या एट्रियमपाशी (हृदयाच्या वरच्या कप्प्यापाशी) मुठीएवढी गुठळी. ती निघाल्या निघाल्या बीपी वर, आणि मी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरून उभा, पाय लटपटतायत. आणि हो, एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काही दिसलं नाही म्हणून निवांत होऊ नका, हृदयामागे दडलेली गुठळी छातीवरून केलेल्या एकोत सुटू शकते.

घाबरू नका पण, हात बसतो हो. मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय आणा, ७-० प्रोलीन (टाक्यांचा अगदी बारीक धागा) घ्या, लूप (भिंगाचा चष्मा) लावून रोज अर्धा तास बसा (आमच्या फ्रीजमधला तो डबा उघडून आई किंचाळली होती). यूट्यूब बघून ॲनास्टोमोसिस (रक्तवाहिन्या एकमेकींना शिवून जोडणं) येत नाही, तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवाल्या फेलोशिपनेही नाही, माझं तरी हेच मत. कॉलेज निवडताना केसेस किती यापेक्षा थर्ड इयरचा रेसिडेंट स्वतः काय काय करतो ते विचारा. ओरडणारे सर चालतील, रात्री २ वाजता फोन न उचलणारे नकोत.

तो पेशंट चालत घरी गेला. मुलाने माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स ठेवला, मी तो तसाच नेऊन सिस्टरांच्या टेबलावर ठेवला.