समोरचा खेळाडू लबाडी करतो आहे असे वाटले तर काय करावे

बुद्धिबळाचा डाव चालू असताना शंका आली, तर प्रतिस्पर्ध्याला काहीही बोलू नये. पटावर बसून केलेला आरोप हा समोरच्याला विचलित करण्याचाच प्रकार ठरतो आणि त्याबद्दल उलट तुम्हालाच समज किंवा शिक्षा मिळू शकते. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांनुसार पंचांची मदत हवी असेल तर घड्याळ थांबवण्याची मुभा आहे. ती वापरावी, उठावे आणि पंचांशी हळू आवाजात बोलावे. बोलताना निष्कर्ष सांगायचा नाही, पाहिलेले सांगायचे. ‘हे फोन वापरत आहेत’ हे वाक्य पंचांच्या फारसे उपयोगाचे नसते. ‘अठराव्या, बाविसाव्या आणि पंचविसाव्या चालीच्या वेळी, स्वतःची पाळी असताना, हे परवानगी न घेता बाहेर गेले आणि परत येताच दहा सेकंदांच्या आत खेळले’ हे वाक्य फार उपयोगाचे असते. ज्याची पाळी आहे त्या खेळाडूला खेळाची जागा सोडायची तर पंचांची परवानगी लागते, त्यामुळे अशी तक्रार मुळातच नियमाला धरून असते आणि तिच्यात कोणावर बदनामीकारक आरोपही नसतो.

हे आकडे आठवणीतून सांगता येत नाहीत, म्हणून चालींच्या नोंदीशेजारी घड्याळातील उरलेला वेळ लिहिण्याची सवय लावावी. नोंदपत्रकावर चाली, वेळ आणि बरोबरीचे प्रस्ताव लिहिणे नियमाला मान्य आहे. पटावरच्या स्थितीबद्दल स्वतःसाठी टिपणे करणे मात्र मान्य नाही. ही सवय शंका नसतानाही चांगली, कारण स्वतःचा वेळ कुठे वाया गेला हेही तिच्यातूनच कळते.

योग्य वेळी केलेल्या तक्रारीचे उत्तम उदाहरण म्हणजे 2015 ची दुबई खुली स्पर्धा. जॉर्जियाचा ग्रँडमास्टर गायोझ निगालिड्झे वारंवार, आणि तेही ठरावीक स्वच्छतागृहात, जातो हे त्याचा प्रतिस्पर्धी तिग्रान पेत्रोस्यान याच्या लक्षात आले आणि त्याने ते स्पर्धा चालू असतानाच पंचांना सांगितले. खेळाडूची झडती घेतली तेव्हा काही मिळाले नाही. त्या स्वच्छतागृहाची तपासणी केल्यावर मात्र कागदात गुंडाळलेला फोन सापडला आणि त्यावर चालू डावाचेच विश्लेषण होते. निगालिड्झेवर तीन वर्षांची बंदी आली आणि किताबही गेला. पेत्रोस्यानने ही गोष्ट स्पर्धा संपल्यावर सांगितली असती, तर फोन केव्हाच नाहीसा झाला असता. 2019 मध्ये स्ट्रासबर्गला ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस पकडला गेला तोही स्वच्छतागृहातील फोनमुळेच.

तक्रारीनंतर पंच कपडे आणि सामान तपासू शकतात. ही तपासणी खासगीत आणि त्याच लिंगाच्या व्यक्तीने करायची असते. खेळाडूच्या अंगावर परवानगी नसलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण सापडले, तर स्पर्धेच्या नियमावलीत सौम्य शिक्षा लिहिलेली नसल्यास तो डाव हरतो. उपकरण खरोखर वापरले होते का, हा प्रश्न त्यासाठी सोडवावाच लागत नाही.

आता मोह टाळण्याविषयी, कारण बहुतेक चुका येथेच होतात. घरी येऊन डाव इंजिनात, म्हणजे चाली शोधणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये, घालायचा, समोरच्याच्या बहुतेक चाली इंजिनाशी जुळतात हे पाहायचे आणि खात्री करून घ्यायची, हा मार्ग फसवा आहे. पहिल्या दहा-बारा चाली पाठांतराच्या असू शकतात. तुम्ही उंट मारला आणि त्याने प्याद्याने परत मारले, तर ती चाल नवशिक्याचीही जुळते. शिवाय हरलेल्या बाजूच्या चुका जितक्या ढोबळ, तितक्या जिंकणाऱ्याच्या चाली अचूक दिसतात. आपण वाईट खेळलो याचा पुरावा आपण समोरच्याविरुद्ध वापरत असतो. उलट, प्रबळ खेळाडूला डावात एकदाच ‘येथे काहीतरी आहे’ एवढी सूचना पुरते, आणि ती कोणत्याही जुळणीत दिसत नाही. संख्याशास्त्रीय तपासणी म्हणूनच अनेक डावांवर आणि खेळाडूच्या रेटिंगशी, म्हणजे त्याच्या ताकदीच्या अधिकृत आकड्याशी, ताडून केली जाते. विजयांच्या मालिकेवरून संशय घेणे तर आणखी निसरडे. 2023 मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराच्या 46 पैकी 45.5 गुणांच्या ऑनलाइन मालिकेवर माजी जगज्जेते व्लादिमीर क्रामनिक यांनी शंका घेतली, परंतु ज्या खेळाडूने हजारो ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट) डाव, त्यातले पुष्कळसे आपल्याहून बरेच कमी रेटिंगच्या खेळाडूंशी, खेळले आहेत त्याच्या वाट्याला अशा मालिका येणारच.

स्पर्धा संपल्यावरही तक्रार करता येते, पण ती लेखी, फिडेच्या व्यवस्थेकडे आणि स्वतःच्या नावाने करावी. उघडपणे निराधार तक्रारीबद्दल तक्रारदारावर कारवाई होऊ शकते. सार्वजनिक सूचक विधाने तर टाळावीतच. 2022 च्या सिंकफील्ड चषकात अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरल्यावर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनने लबाडीचा संशय सुचवणारी पोस्ट टाकून स्पर्धा सोडली. पुढे फिडेच्या शिस्तपालन आयोगाने बेपर्वा किंवा उघडपणे निराधार आरोपाचा दोष त्याच्यावर ठेवला नाही, पण सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल 10,000 युरोंचा दंड केला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता: संशय खरा असो वा खोटा, उरलेल्या खेळाडूंच्या फेऱ्यांचे त्यात नुकसान झाले.

ऑनलाइन डावात काम थोडे आहे. संकेतस्थळावरील तक्रारीचे बटण दाबावे, गप्पांच्या चौकटीत काही लिहू नये. चालींमधले अंतर, खेळाडू दुसऱ्या खिडकीत गेला का, त्याचे जुने डाव ही माहिती संकेतस्थळाकडे असते, तुमच्याकडे नसते.

आणि संशय तुमच्यावरच आला तर? झडतीला नकार देऊ नये, कारण नकारावरही पंच कारवाई करू शकतात. सुरुवातीच्या चालींची तयारी ज्या वहीत किंवा फाइलमध्ये केली होती ती जपून ठेवावी. डावानंतर प्रश्न विचारले गेले, तर प्रत्येक महत्त्वाच्या चालीमागचा विचार, चुकीचे मोजलेले पर्याय धरून, तसाच सांगावा. ‘घोडा घेता आला असता हे मला दिसलेच नाही’ हे सांगताना संकोच करू नये, कारण ती कबुली पाठ केलेल्या अचूक उत्तरापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. त्यानंतर मुख्य पंचांकडून तपासणीची लेखी नोंद मागून घ्यावी आणि पुढच्या फेरीला वेळेवर हजर राहावे.