टाइप १ मधुमेह असलेलं मूल घरात असेल, तर या चुका टाळा

डायरीत तीन आठवड्यांचे शुगरचे आकडे होते. ११८, १२४, ११०, १२१. सगळे एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत उतरवल्यासारखे. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. मी ती डायरी अभिमानाने डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ग्लुकोमीटर मागून घेतला आणि त्याची मेमरी मागे मागे नेत गेले. २८७. ३१२. मग चार दिवस काहीच नाही. मग २९५. डॉक्टर मुलाला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "ताई, शुगर जास्त आली की घरात काय होतं?"

घरात काय व्हायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. माझा पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" मग आजीचा सुस्कारा. मग त्याच्या बाबांचं गप्प होऊन ताट पुढे सरकवणं. त्याने आपल्या परीने त्यावर मार्ग काढला होता. आकडा चांगला लिहिला की घर शांत राहायचं.

आज तो सोळा वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी मधुमेह निघाला, म्हणजे दहा वर्षं झाली. या काळात आमच्या हातून झालेल्या आणि ओपीडीच्या बाकड्यावर इतर आईबापांकडून ऐकलेल्या चुका इथे लिहिते आहे. इन्सुलिनचा डोस मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा, तो आपापल्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

"काय खाल्लंस?" हा पहिला प्रश्न

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि गोड बंद केल्याने जात नाही. हे आपण नातेवाइकांना दहादा समजावून सांगतो, आणि मीटरवर २९० दिसलं की आपल्याच तोंडून पहिला संशय खाण्याचा निघतो.

वयात येताना शरीरात वाढीची संप्रेरकं इतकी सक्रिय असतात की तेच इन्सुलिन कमी पडायला लागतं. ताप, सर्दी, परीक्षेचा ताण, अपुरी झोप, उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन, गाठ आलेल्या जागी घेतलेलं इंजेक्शन, यातल्या कशानेही शुगर चढते. मूल कधी कधी चोरून खातंही, नाही असं नाही. पण चोरून खाल्लेल्या वडापावसाठीही इन्सुलिन लागतंच, आणि रागाच्या भीतीने त्याने ते घेतलं नाही तर नुकसान दुप्पट.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. "चांगली शुगर, वाईट शुगर" हे शब्द घरातून काढून टाकले. आता फक्त "जास्त" आणि "कमी". आणि पहिला प्रश्न बदलला: "आता काय करू या?" आजीला ही सवय लागायला सहा महिने लागले. पण डायरीत पुन्हा २८७ दिसायला लागलं, आणि ते बघून मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. खरा आकडा असेल तरच डॉक्टर डोस बदलू शकतात.

आकडा तपासून न बघता डोस देणं

मे महिन्यातली दुपार. आंब्याची पेटी फोडलेली, मुलगा आजीला फोडी करून देत होता. मीटरवर ३८०. तो शपथेवर सांगत होता, एक फोडही खाल्ली नाही म्हणून. मी इन्सुलिनचं पेन उचललंही होतं. मग सुचलं म्हणून साबणाने हात धुवायला लावले, नीट पुसायला लावले, दुसऱ्या बोटातून थेंब काढला. १४६. बोटाला लागलेला आंब्याचा रस पहिल्या आकड्यात शिरला होता. त्या ३८०वर इन्सुलिन दिलं असतं तर तासाभरात तो गळून पडला असता. सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, साखर त्याने धुतली जात नाही. पाणी, साबण, कोरडं बोट. आकडा मुलाच्या तब्येतीशी जुळत नसेल तर आधी पुन्हा मोजा. स्ट्रिपच्या डबीवरची तारीखही बघा.

आकडा खरा आहे आणि तरी शुगर काही केल्या उतरत नाही, असं असेल तर या तीन ठिकाणी शोधा.

पहिलं, सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या. साधारणपणे लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. यू-४०च्या सिरिंजमध्ये यू-१००चं इन्सुलिन १०च्या खुणेपर्यंत भरलं तर मुलाच्या अंगात २५ युनिट जातात. उलट केलं तर १०च्या जागी ४. मेडिकलवाल्याने घाईत दुसरी सिरिंज दिली आणि घरच्यांच्या लक्षात आलं नाही, हे मी दोन घरांतून ऐकलं आहे. काउंटरवरच कुपी आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून दोन्हीवरचा आकडा वाचा. ही एक सवय लागली तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं म्हणेन.

दुसरं, साठवण. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रीझरला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलं, ते टाकून द्या. वापरातलं पेन बाहेर ठेवलं तर साधारण चार आठवडे चालतं (नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात), तेही तापमान ३० अंशांच्या आत असेल तरच. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे कपाटावर ठेवलेल्या पेनाचं काय होत असेल! वीज जात असेल तर मातीचा माठ कामाला येतो: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन. प्रवासात कुपी थेट बर्फावर ठेवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.

तिसरं, इंजेक्शनची जागा. माझा मुलगा दोन वर्षं बेंबीच्या डावीकडे त्याच चार बोटांच्या जागेत टोचत होता, "इथे दुखत नाही" म्हणून. दुखत नव्हतं कारण तिथे चरबीची मऊ गाठ झाली होती. डोळ्यांना दिसायची नाही, आंघोळीनंतर हात फिरवल्यावर तळव्याला लागली. अशा जागेतून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी एकदम. पोट, मांड्या, दंडाची मागची बाजू, नितंब यांत जागा फिरवत राहा. गाठ सोडून नव्या जागी सुरुवात करताना डॉक्टरांना विचारा, कारण तोच डोस तिथे जास्त लागू पडून शुगर खाली येऊ शकते.

बरा झाला असं समजून इन्सुलिन सोडणं

ही चूक जीवावर बेतते. निदान झाल्यावर उपचार सुरू होतात, उरल्यासुरल्या पेशींना थोडी विश्रांती मिळते आणि काही आठवडे ते काही महिने त्या पुन्हा थोडंफार इन्सुलिन देतात. डोस उतरत जातो, कधी अगदी दोन-चार युनिटांवर येतो. डॉक्टर याला हनिमून पीरियड म्हणतात. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी चूर्ण सुचवतं, कुणी कारल्याचा रस, कुणी "मुळापासून बरा" करणारा पत्ता देतं. शुगर उतरलेली असतेच, श्रेय चूर्णाला जातं, आणि घरातली माणसं इन्सुलिन बंद करतात. पुढे त्या पेशी संपतात आणि मूल आयसीयूत पोचतं.

आम्हीही गेलो होतो एका गावी, पहाटेच्या एसटीने. आशा माणसाला कुठेही नेते, म्हणून अशा आईबापांना मी कधीच नावं ठेवत नाही. एवढंच सांगते की जायचं असेल तर जा, पण इन्सुलिन एका वेळचंही चुकवू नका. १९२२च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं फार काळ जगत नसत. आजही टाइप १मध्ये इन्सुलिनला पर्याय म्हणून घेता येईल असं दुसरं औषध नाही.

"जेवलाच नाही, मग इन्सुलिन कशाला?"

ताप-उलट्यांत मूल खात नाही, म्हणून घरचे इन्सुलिन थांबवतात. आजारपणात शुगर बहुतेकदा वाढते, आणि इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात. पोटात दुखणं, उलट्या, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी: ही कीटोअॅसिडोसिसची, म्हणजे कीटोन साचून येणाऱ्या जीवघेण्या अवस्थेची लक्षणं. पोटदुखीमुळे ते अॅसिडिटी किंवा जुलाबाची साथ वाटून जातं आणि तेवढ्यात मोलाचे तास जातात. बराच वेळ काम करणारं इन्सुलिन आजारपणात पूर्ण बंद करायचं नसतं. डोस कमी-जास्त किती करायचा ते फोनवर विचारा. लघवीत कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात असू द्या. शुगर २५०च्या वर आणि सोबत उलट्या किंवा कीटोन, तर सकाळची वाट बघू नका.

शुगर लो झाली आणि हाताला येईल ते भरवलं

७०च्या खाली म्हणजे लो. हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडचिड करतं किंवा शून्यात बघत बसतं. अशा वेळी चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातली चरबी साखर रक्तात पोचायला उशीर लावते. पोळीभाजी तर नकोच. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. ती १५ मिनिटं फार जड जातात. मी पहिल्या वर्षी त्या वेळात साखर, बिस्किटं, केळं, दूध सगळं भरवायचे आणि दोन तासांनी ३४० बघून रडायचे. आता ओट्यावरच्या घड्याळाकडे बघत त्याच्याजवळ बसते.

मूल बेशुद्ध असेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं औषध) दिलं असेल तर ते द्या, आणि थेट दवाखाना.

खेळलेल्या दिवशी रात्रीही शुगर उतरते. कबड्डीचा सामना संध्याकाळी सहाला संपला तरी पहाटे तीनला लो होऊ शकते. त्यासाठी खेळ बंद करू नका. झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा मोजा.

शाळेला अर्धवट सांगणं

फॉर्मवर "मधुमेह" एवढा शब्द लिहून आम्ही निश्चिंत झालो होतो. नंतर कळलं, मुलगा वर्गात सुई दिसू नये म्हणून शाळेच्या स्वच्छतागृहात उभ्याने इंजेक्शन घेत होता. बाईंना वाटायचं की टोचून घेतल्यावर तो डबा केव्हाही खाऊ शकतो. मग आम्ही एक पान तयार केलं: लो कशी ओळखायची, काय द्यायचं, काय द्यायचं नाही, कोणाला फोन. वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि शिपाईमामा, तिघांनाही दिलं. शिपाईमामांना विसरू नका, धावत तेच येतात.

शाळा आडमुठेपणा करत असेल तर हात जोडून विनवण्या करण्याची गरज नाही. सीबीएसईने २०१७ साली दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं की टाइप १ असलेल्या मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं. हे सांगूनच बोला.

सणांबद्दल थोडक्यात: पुरणपोळी, मोदक मुलासमोर वाढून त्याला एकट्याला "तुला नको" म्हणू नका. किती खाणार ते आधी ठरवून त्याचं इन्सुलिन कसं घ्यायचं हे डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून शिकून घ्या. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी "हलकी" असते हा समज सोडा, ती शुगर चांगलीच चढवते.

"आता मोठा झालास, तुझं तू बघ"

सातवीच्या सुट्टीत आम्ही सगळं त्याच्या हाती सोपवलं आणि सुटलो. खोट्या डायरीची सुरुवात तिथूनच झाली. जबाबदारी हळूहळू द्यावी लागते. आधी तो मोजेल, मी डोस ठरवेन. मग तो ठरवेल, मी फक्त इन्सुलिन पेनाच्या खिडकीतला डोसचा आकडा बघेन. अजूनही दमलेल्या दिवशी तो म्हणतो, "आई, आज तू दे ना." मी देते. वजन झपाट्याने उतरत असेल, इन्सुलिन महिन्याच्या हिशेबापेक्षा जास्त उरत असेल, तर मूल डोस चुकवतंय का ते शांतपणे बघा. काही मुली बारीक राहण्यासाठी मुद्दाम चुकवतात. तिथे रागावून भागत नाही, समुपदेशक लागतो.

धाकटीकडेही बघा. आमची धाकटी एकदा म्हणाली होती, "मलापण शुगर झाली की तू माझ्याजवळ बसशील ना?" तेव्हापासून रविवारची सकाळ तिची.

मुलीचा आजार लपवणं

"लग्नाचं काय?" या भीतीने कित्येक घरांत मुलीचा मधुमेह शेजाऱ्यांनाच काय, मावशीलाही सांगत नाहीत. ओपीडीत भेटलेल्या एका बाबांची मुलगी अकरावीला वसतिगृहात राहायला गेली. कुणाला सांगू नकोस, ही घरची ताकीद. एका पहाटे ती लो होऊन घामाने भिजून पडली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला वाटलं, गाढ झोपली आहे. नशिबाने रेक्टरबाई फेरीला आल्या. आता त्या खोलीतल्या तिन्ही मुलींना मीटर वापरता येतो, आणि ग्लुकोजचा डबा खिडकीत ठेवलेला असतो, सगळ्यांना दिसेल असा.