'सो व्हॉट' ऐकून जॅझवादकांची शैली ओळखायची कशी

एकाच वादकाच्या दहा तबकड्या ऐकण्यापेक्षा एकाच चौकटीत लागोपाठ वाजवणारे तीन वादक ऐकले, तर शैलीतला फरक लवकर कळतो. याला सर्वांत सोयीची रचना म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीवरची 'सो व्हॉट'. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडरली, पियानोवर बिल एव्हान्स, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब.

आधी चौकट पक्की करा. एक कोरस, म्हणजे चौकटीचा एक पूर्ण फेरा, ३२ बारचा, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे १२८ मात्रा. तीनतालाची सवय असेल तर आठ आवर्तनं मोजा. पहिली चार डी डोरियनमध्ये (डोरियन म्हणजे आपल्या काफी थाटाचेच सूर, इथे डीपासून), पुढची दोन ई फ्लॅट डोरियनमध्ये, शेवटची दोन पुन्हा डीमध्ये. पेटीवर पांढरी दोनला सा धरून काफी थाटाचे सूर वाजवा आणि मधल्या भागात तोच थाट काळी दोनवरून घ्या. काफी रागाचं चलन मात्र इथे शोधू नका, घ्यायचे ते फक्त सूर. टाळी प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. समेवर देत राहिलात तर स्विंगचा, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीचा, झोका हाती लागणार नाही.

पेटीचे सूर जुळत नसतील तर स्वतःच्या कानाला दोष देण्याआधी आवृत्ती तपासा. त्या दिवशी मूळ टेप यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजणाऱ्या जुन्या तबकड्यांवर ही रचना थोडी चढी ऐकू येते. १९९२पासूनच्या काही आवृत्त्यांत ती चूक सुधारली आहे. साथीला वाजवायचं असेल तर सुधारलेलीच घ्या.

लय मिनिटाला साधारण १३६ मात्रांची. सुरुवातीच्या संथ तुकड्यानंतर बास मुखडा वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन कॉर्डनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांनी) उत्तर देतात. दीड मिनिटाच्या आसपास कॉबची झांज कडाडते, तिथे माइल्सचा सोलो सुरू होतो. त्याचे दोन कोरस, मग कोल्ट्रेनचे दोन, मग ॲडरलीचे दोन, प्रत्येकाला सुमारे १ मिनिट ५३ सेकंद.

जवळजवळ सगळे चुकतात ते कोरस बदलताना. शेवटचे आठ बार डीमध्ये आणि नव्या कोरसचे पहिले सोळाही डीमध्ये, असे सलग २४ बार सूर बदलतच नाहीत आणि मोजणी सुटते. आठ-आठ बारनंतर एकेक बोट दुमडा. सुटलंच तर सोलोवरून कान काढून बासवर ठेवा. तो अर्धा सूर वर सरकला की मधला भाग लागला, तिथून पुन्हा मोजा.

आता माइल्स. चाळीसच्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या वेगवान बँडमध्ये वाजवलेला हा माणूस इथे किती कमी सूर घेतो ते पाहा. वाक्य छोटं, मग मोकळी जागा, आणि त्या जागेत बास-ड्रम्स बोलतात. आवाज सरळ, कंप फार थोडा. शिकायचं तर वेग ७५ टक्क्यांवर आणून पहिले १६ बार गाऊन पाठ करा. गळ्यावर बसेपर्यंत वाद्याला हात लावू नका. थांबेही सुरांइतकेच मोजून घ्या. नक्कल करणारे ते आखडते घेतात आणि सोलो कोसळतो.

कोल्ट्रेनने १९५७मध्ये पियानोवादक थेलोनिअस मंकबरोबर काम केलं होतं, आणि या ध्वनिमुद्रणानंतर दोनच महिन्यांनी त्याने 'जायंट स्टेप्स' या आपल्या रचनेची झपाट्याने बदलणारी कॉर्ड्स वाजवली. इथे कॉर्ड हलत नाही, म्हणून गुंतागुंत तो स्वतः रचतो. एक छोटा तुकडा उचलतो, त्याला वरखाली फिरवतो आणि लांब, दाट ओळीत सोडतो. सगळा सोलो उतरवायला जाऊ नका. एक तुकडा पकडा आणि तो किती वेळा, कोणत्या सुरावरून परत येतो एवढंच लिहा.

फ्लोरिडात शाळेचा बँड शिकवून १९५५मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या ॲडरलीचा स्वर भरदार आणि ब्लूजने भिजलेला. थाटाबाहेरचे सूर तो सर्वांत मोकळेपणाने घेतो. त्याचे उतरवलेले सूर पेटीवर 'चूक' वाटले तर लगेच खोडू नका. पुढचा सूर ऐका. बाहेरचा सूर बहुतेकदा अर्ध्या सुराने सरकून थाटात येतो.

छापील नोटेशन वापरत असाल तर एक खबरदारी घ्या. ट्रम्पेट आणि टेनरच्या कागदावर डीच्या जागी ई लिहिलेला असतो, आल्टोच्या कागदावर बी. पेटीवर किंवा बासरीवर वाजवताना तो परत डीवर आणावा लागतो.

एव्हान्सचा एकच कोरस शेवटी येतो. त्याच्या मागे तिन्ही वादक मुखड्याचं दोन कॉर्डचं उत्तर वाजवत राहतात, त्यामुळे तिथे चौकट आपोआप कळते. मोजणी अजून डळमळत असेल तर सरावाला याच कोरसपासून सुरुवात करा.